व्यापार कराराची सवलत पदरात कशी पाडून घ्यावी : नाशिकच्या छोट्या निर्यातदारासाठी

ऑस्ट्रेलियात किंवा दुबईत उतरलेल्या मालावरचा आयात कर नाशिकचा निर्यातदार भरत नाही, तिथला खरेदीदार भरतो. एवढं नीट लक्षात घेतलं तरी व्यापार करारांबद्दलचे निम्मे गैरसमज गळून पडतात. करारामुळे कर ५ टक्क्यांवरून शून्यावर आला, तर ते ५ टक्के खरेदीदाराचे वाचतात. ते वाचावेत म्हणून लागणारा पुरावा मात्र तुम्ही द्यायचा असतो. या बचतीतला आपला वाटा भावात मागून घेतला, तरच करार अंबडच्या गाळ्यापर्यंत किंवा दिंडोरीच्या पॅकहाऊसपर्यंत पोहोचतो. नाही मागितला तर कागदपत्रांची धावपळ तुमची आणि फायदा समोरच्याचा.

मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळा विभाग असतो. हा लेख महिन्याला एखादा कंटेनर किंवा वर्षाला चार-सहा पॅलेट पाठवणाऱ्यांसाठी आहे. द्राक्षं, बेदाणे, कांद्याचे काप, मसाले, येवल्याची पैठणी, सातपूरचे यंत्रभाग, काहीही असो. आयईसी (आयात-निर्यातीसाठीचा नोंदणी क्रमांक), जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र), बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा बँकेचा क्रमांक) आणि संबंधित मंडळाची नोंदणी (शेतमालाला अपेडा, अभियांत्रिकी मालाला ईईपीसी) या गोष्टी झाल्या आहेत असं धरून चालतो. एकच आठवण: आयईसी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर अद्ययावत करावा लागतो, बदल काही नसला तरी. तो राहिला की आयईसी निष्क्रिय होतो आणि ते ऐन शिपमेंटच्या दिवशी कळतं.

आधी पाहा: करार नुसता झालाय की अमलातही आलाय?

बातमी सहीची येते. सवलत मिळते ती अंमलबजावणीच्या तारखेपासून. दोन्हींत किती अंतर पडू शकतं याचं उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या ईएफटीए गटाशी झालेला करार. सही १० मार्च २०२४ ला झाली, अंमल १ ऑक्टोबर २०२५ पासून. मधल्या दीड वर्षात गेलेल्या मालाला त्याचा काहीही उपयोग नव्हता. ब्रिटनशी झालेल्या करारावर २४ जुलै २०२५ ला सही झाली. तिथेही भाव ठरवण्याआधी विचारायचा प्रश्न एकच, माल तिथे उतरेल त्या दिवशी करार लागू असेल का?

नाशिकच्या मालाच्या दृष्टीने उपयोगी पडणारे आणि अमलात असलेले करार असे: श्रीलंका (मार्च २००० पासून), सार्क देशांसाठीचा साफ्टा (२००६), सिंगापूर (ऑगस्ट २००५), आग्नेय आशियातल्या देशांचा गट आसियान (जानेवारी २०१०), दक्षिण कोरिया (जानेवारी २०१०), मलेशिया (जुलै २०११), जपान (ऑगस्ट २०११), मॉरिशस (१ एप्रिल २०२१), संयुक्त अरब अमिराती (१ मे २०२२), ऑस्ट्रेलिया (२९ डिसेंबर २०२२) आणि वर सांगितलेला ईएफटीए. काही देशांशी दोन-दोन करार एकाच वेळी लागू असतात. मलेशियाला माल जातो तेव्हा आसियानचा करारही चालतो आणि मलेशियाचा स्वतंत्रही. दोन्हींचे दर आणि नियम ताडून जो सोयीचा तो घ्यायचा. एका मालासाठी दोन्ही एकत्र वापरता येत नाहीत.

युरोपीय संघाशी वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. तेवढ्या काळात चिलीच्या मालाला २००३ पासून आणि पेरूच्या मालाला २०१३ पासून युरोपात कराराची सवलत मिळत राहिली. आपल्या द्राक्ष बागायतदारांचं दुखणं आहे ते हेच. माल तोलामोलाचा असूनही सुपरमार्केटच्या फळीवर पोहोचेपर्यंत महाग पडतो.

एचएस कोड: इथे चूक झाली की पुढचं सगळं चुकतं

करारात वस्तूंची नावं नसतात, आकडे असतात. हे आकडे म्हणजेच एचएस कोड, मालाच्या जागतिक वर्गीकरणातला क्रमांक. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले. ताजी द्राक्षं ०८०६१०, बेदाणे ०८०६२०. ताजा कांदा ०७०३१०, वाळवलेला कांदा ०७१२२०, आणि तळून पाकिटात भरला की तो थेट वर्गीकरणाच्या प्रकरण २० मध्ये. कांदा तोच, पण करारांच्या यादीत तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसतो आणि तिन्हींचा दर वेगळा असू शकतो.

मसाल्यात जास्त गोंधळ होतो. निव्वळ मसाल्यांचं मिश्रण ०९१०९१ मध्ये जातं. पण मिसळीच्या मसाल्यात मीठ, वाळवलेला कांदा-लसूण, कधी साखर पडली की तो २१०३ मध्ये, म्हणजे तयार चवीच्या मिश्रणांत, धरला जाऊ शकतो. म्हणून घटकांची यादी टक्केवारीसकट खरेदीदाराला पाठवा आणि त्याच्या देशातला पूर्ण कोड त्याच्याकडूनच लेखी मागवा. आपल्या शिपिंग बिलावर (निर्यातीसाठी आपल्या कस्टम्सला द्यायच्या कागदावर) एक कोड आणि तिथल्या आयात नोंदीवर दुसरा आला, तर पहिल्या सहा आकड्यांतच तफावत दिसते आणि सवलत अडकते.

आणखी एक बारीक भानगड आहे. जागतिक कोडची पुस्तिका दर पाच-सहा वर्षांनी बदलते. सध्या २०२२ ची आवृत्ती चालू आहे, पुढची १ जानेवारी २०२८ पासून. जुन्या करारांच्या याद्या मात्र त्या-त्या वेळच्या आवृत्तीत लिहिलेल्या आहेत. आजचा कोड जुन्या यादीत सापडला नाही, म्हणजे सवलत नाही, असा निष्कर्ष काढू नका. आधी जुन्या-नव्या कोडांचं जुळणी-कोष्टक पाहा.

दोन दर शेजारी मांडा

ही पायरी सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत जास्त वगळली जाणारी. सवलतीचा दर किती, हे सगळे पाहतात. सवलत नसती तर दर किती लागला असता, हे फार थोडे पाहतात. खरा फायदा या दोहोंच्या फरकाएवढाच.

स्वित्झर्लंडचंच घ्या. त्या देशाने १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरचा आयात कर सगळ्याच देशांसाठी काढून टाकला. त्यामुळे अंबडचा यंत्रभाग झुरिकला गेला, तर ईएफटीए कराराचा दाखला (माल भारतीय असल्याचं प्रमाणपत्र) जोडला काय आणि न जोडला काय, कर शून्यच. त्या मालासाठी दाखल्याच्या मागे दिवस घालवण्यात अर्थ नाही. कराराचे इतर फायदे असतील, पण करसवलत हा त्यातला नाही. शेतमाल आणि प्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांचं गणित मात्र तिथेही वेगळं, ते स्वतंत्र पाहावं लागतं.

मॉरिशसची गोष्ट अजून वेगळी. छोटा देश, पण मराठी घरं असलेला, त्यामुळे आपल्या चवीच्या मालाला गिऱ्हाईक आहे. या करारात भारताच्या ३१० वस्तूंना सवलत आहे, खाद्यपदार्थ आणि पेयं त्यात बरीच आहेत. पण यादी ठरावीक आहे. तुमचा कोड त्या ३१० मध्ये नसेल तर करार तुमच्यासाठी नाही. अमिरातीशी झालेला करार नेमका उलट स्वभावाचा: तिथल्या ९७ टक्क्यांहून जास्त कर-ओळींवर (करयादीतल्या वस्तूंच्या नोंदींवर) भारताला सवलत मिळालेली आहे, त्यामुळे बहुतेक माल आत बसतोच. तिथे प्रश्न पडतो तो मूळ दर शून्य होता की ५ टक्के, एवढाच. ऑस्ट्रेलियाने बहुतेक ओळी पहिल्याच दिवशी शून्यावर आणल्या आणि उरलेल्या टप्प्याटप्प्याने, १ जानेवारी २०२६ पर्यंत. तिथे सर्वसाधारण दर बऱ्याच औद्योगिक मालावर ५ टक्के आहे, म्हणून सातपूर-अंबडच्या छोट्या कारखानदाराने पहिली नजर तिकडे टाकावी, असं माझं मत.

बांगलादेशकडे पाहताना मात्र सावध. नाशिकच्या द्राक्षांचं आणि डाळिंबांचं ते जवळचं गिऱ्हाईक, पण तिथे फळांवर सीमाशुल्काखेरीज नियमन शुल्क आणि पूरक शुल्क लागतं आणि ते अधूनमधून वाढवलं जातं. करार सहसा सीमाशुल्कापुरता बोलतो. म्हणून खरेदीदाराला "ड्यूटी किती?" असं विचारू नका, "सीमेवर एकूण किती भरावं लागतं, एकेक करून सांगा" असं विचारा.

दर शोधायला पैसे लागत नाहीत. केंद्र सरकारचा ट्रेड कनेक्ट ई-प्लॅटफॉर्म आहे. निर्यातदार संघटनांचा महासंघ फिओ चालवतो तो इंडियन ट्रेड पोर्टल आहे. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचा मार्केट ॲक्सेस मॅप आहे. उगमाच्या नियमांसाठी, म्हणजे माल कोणत्या देशाचा धरायचा यासाठी, त्यांचंच रूल्स ऑफ ओरिजिन फॅसिलिटेटर. कोड आणि देश टाकला की दोन्ही दर समोर येतात. शेवटची खात्री मात्र खरेदीदाराच्या कस्टम्स एजंटकडून करून घ्यावी.

फरक पैशात मांडून पाहा. ४०,००० डॉलरच्या मालावर ५ टक्क्यांचा फरक म्हणजे २,००० डॉलर. ३,००० डॉलरच्या नमुन्यावर १५० डॉलर. पहिल्यासाठी दाखल्याचे सगळे सोपस्कार करावेत. दुसऱ्यासाठी, पुढे मोठी ऑर्डर येणार नसेल तर, जाऊ द्या म्हटलं तरी चालेल.

माल 'भारतीय' ठरतो कसा?

खरी कसोटी इथे आहे, म्हणून जरा थांबू. नाशिकमध्ये तयार झाला, नाशिकमधून निघाला, म्हणजे माल भारतीय, असं करार मानत नाही. प्रत्येक करारात उगमाचे नियम असतात आणि तुमचा माल त्यांत बसतो हे तुम्हाला दाखवावं लागतं.

सगळ्यांत सोपं शेतमालाचं. इथल्या मातीत पिकलेली द्राक्षं, कांदा, डाळिंब 'संपूर्णपणे इथेच मिळालेला' माल म्हणून धरतात. टक्केवारीचा प्रश्न नाही. इथल्या द्राक्षांचे इथेच केलेले बेदाणेही त्यातच. पण एखाद्याने अफगाणी बेदाणे आणून पिंपळगावला निवडले, धुतले, पाव किलोच्या पाकिटांत भरले आणि पुढे पाठवले, तर ते भारतीय होत नाहीत. निवडणं, धुणं, प्रतवारी, पॅकिंग, साधं मिश्रण, लेबल लावणं या गोष्टींनी मालाचा देश बदलत नाही, असं जवळजवळ प्रत्येक करारात स्पष्ट लिहिलेलं आहे. दोन प्रकारचे बेदाणे एकत्र करून पाठवणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

कारखान्यातल्या मालाला दोन प्रकारच्या कसोट्या असतात. एक, कोड बदलला का: बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा कोड आणि तयार मालाचा कोड वेगळा हवा, कुठे चार आकड्यांत, कुठे सहा. दोन, इथे किती मूल्य भरलं गेलं. आसियान करारात सर्वसाधारण नियम ३५ टक्के मूल्य आणि सहा आकड्यांत कोडबदल, दोन्ही मिळून. श्रीलंकेच्या करारात ३५ टक्के आणि चार आकड्यांत बदल. साफ्टात भारतासाठी ४० टक्के आणि चार आकड्यांत बदल. नव्या करारांत वस्तूवार वेगळे नियम आहेत. त्यामुळे एका करारात बसलेला माल दुसऱ्यात बसेलच असं नाही.

मूल्याचं गणित साधं आहे. एफओबी किमतीतून, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतच्या मालाच्या किमतीतून, परदेशी घटकांची किंमत वजा करा, उरलेल्याला एफओबीने भागा, शंभरने गुणा. समजा अंबडमधला एक कारखानदार कंट्रोल पॅनेल बनवतो. एफओबी किंमत १,००,००० रुपये. आतले रिले, कंट्रोलर वगैरे परदेशी भाग ५८,००० रुपयांचे. मूल्य आलं ४२ टक्के. नियम ४० टक्क्यांचा असेल तर पास. आता खरेदीदार म्हणाला, ५ टक्के सूट द्या. किंमत झाली ९५,०००, परदेशी भाग तेवढेच. मूल्य उरलं ३८.९ टक्के आणि माल नापास. सूट दिली ५ टक्क्यांची, गेली मात्र सगळी करसवलत. रुपया घसरला आणि आयात भाग महागले तरी हेच होतं. म्हणून काठावरचा माल धोक्याचा. किमान चार-पाच टक्क्यांची मोकळी जागा ठेवावी, नसेल तर एखादा परदेशी भाग देशी पर्यायाने बदलता येतो का ते पाहावं.

या हिशेबात नेहमी घसरायला होतं ते स्थानिक खरेदीवर. मुंबईच्या लोहार चाळीतून जीएसटी बिलावर घेतलेला जर्मन किंवा चिनी भाग हा परदेशीच. बिल देशी असल्याने भाग देशी होत नाही. पुरवठादाराकडून लेखी घोषणा घ्या: हा भाग भारतात, अमुक कारखान्यात तयार झालेला आहे. घोषणा मिळाली नाही तर तो भाग परदेशी धरूनच हिशेब करा.

पैठणीचं पाहू. रेशमाच्या धाग्याचा कोड वेगळा आणि विणलेल्या रेशमी कापडाचा ५००७, म्हणजे चार आकड्यांत बदल होतोच. नुसता कोडबदल पुरेसा असेल तिथे आयात रेशमाची पैठणीही चालून जाईल. पण कापडाच्या बाबतीत काही करार धाग्यापासूनच इथे बनलेलं असण्याचा आग्रह धरतात. रेशीम कुठून आलं याची बिलं येवल्यातल्या विणकराकडे, निदान त्याला धागा पुरवणाऱ्याकडे, जपून ठेवलेली हवीत. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते आणि करारातला उगम या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मानांकनाचं प्रमाणपत्र दाखवून करसवलत मिळत नाही.

दाखला, आणि त्याचा जुळा भाऊ

'सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन' नावाचे दोन दाखले असतात आणि दिसायला ते सख्खे भाऊ. एक बिनसवलतीचा: माल भारतातला आहे एवढंच सांगतो, चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या संस्था देतात, बँकेला किंवा खरेदीदाराला लागतो. दुसरा सवलतीचा: अमुक कराराच्या अमुक नियमानुसार माल भारतीय आहे असं सांगतो, आणि तो सरकारने नेमलेल्या संस्थाच देऊ शकतात. उदाहरणार्थ डीजीएफटीची कार्यालयं, एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन एजन्सी, कापडासाठी टेक्स्टाइल्स कमिटी, मसाल्यांसाठी स्पाइसेस बोर्ड. करसवलतीसाठी दुसराच लागतो. पहिला जोडून माल पाठवला की तिकडे पूर्ण कर लागतो. सीएचएला (कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटला) नुसतं "ओरिजिन काढून टाका" म्हणू नका, कराराचं नाव सांगा.

आता सगळे दाखले डीजीएफटीच्या ई-सीओओ प्रणालीवर ऑनलाइन निघतात. १ जानेवारी २०२५ पासून बिनसवलतीच्या दाखल्यांचे अर्जही तिथेच करणं बंधनकारक झालं. नाशिकहून कुठेही खेटे घालावे लागत नाहीत. सही डिजिटल सिग्नेचरने किंवा आधारच्या ई-सहीने होते. अर्जासोबत साधारण हे लागतं:

- इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, मालाचं वर्णन दोन्हींवर अक्षर न् अक्षर सारखं
- शिपिंग बिल, आणि माल निघालेला असेल तर बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) किंवा हवाई मालाचं बिल
- कच्च्या मालाची यादी: कोणता घटक, कोड, देशी की परदेशी, किंमत
- उत्पादन प्रक्रियेचं थोडक्यात वर्णन आणि खर्चपत्रक. मूल्याची अट असेल तिथे सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं
- तुम्ही स्वतः उत्पादक नसाल तर उत्पादकाची घोषणा

यातलं खर्चपत्रक शिपमेंटच्या आदल्या रात्री बनवायची गोष्ट नव्हे. प्रत्येक वस्तूचं एकदाच नीट तयार करून ठेवा, भाव बदलले की तेवढं सुधारा. द्राक्ष निर्यातदारांचं काम यात बरंचसं आधीच झालेलं असतं. अपेडाच्या ग्रेपनेटवर बागेची नोंदणी असते, कोणत्या बागेतून कोणत्या पेटीत माल गेला हे कळतं, आणि तोच उगमाचा सज्जड पुरावा ठरतो. बेदाणे, कांदा किंवा भाजीवाल्यांनी निदान खरेदीची नोंद तरी नीट ठेवावी: शेतकऱ्याचं गाव, तारीख, वजन, बाजार समितीची पावती.

माल निघायच्या आधी किंवा निघताना दाखला काढणं उत्तम. राहिलाच, तर बऱ्याच करारांत मागाहूनही मिळतो, फक्त त्यावर 'पूर्वलक्षी' अशी नोंद येते आणि मुदतीची अट असते. दाखल्याची वैधता बहुतेक ठिकाणी १२ महिने. छपाईत किंवा वजनात चूक झाली तर खाडाखोड करू नका, पेनाने तर मुळीच नाही. प्रणालीत जुन्याच्या बदल्यात नवा दाखला घेण्याची सोय आहे. काही नव्या करारांत निर्यातदाराला स्वतःच उगमाची घोषणा करायची मुभा आहे. सोय मोठी, पण जबाबदारीही पूर्ण तुमची. सुरुवातीच्या दोन-चार शिपमेंट तरी दाखल्यानेच कराव्यात.

वाटेत माल उघडू नये

करार मालाच्या वाटेकडेही पाहतो. न्हावा शेव्याहून निघालेला कंटेनर कोलंबो, सिंगापूर किंवा जेबेल अलीला एका जहाजातून दुसऱ्यात चढला तर हरकत नसते, पण तिथे तो कस्टम्सच्या नजरेखालीच राहायला हवा. तिथे उतरवून घेतला, पाकिटं बदलली, दुसऱ्या मालात मिसळला, की सवलत गेली. म्हणून नाशिकपासून शेवटच्या बंदरापर्यंतचं एकच बिल ऑफ लेडिंग घ्या. फॉरवर्डर, म्हणजे मालवाहतूक ठरवून देणारा, स्वस्त पडतं म्हणून दोन तुकड्यांत बुकिंग सुचवेल, तेव्हा याची आठवण ठेवा. मधला व्यापारी दुबईत बसून बिल फाडणार असेल, तर त्या करारात तिसऱ्या देशाचं इनव्हॉइस चालतं का ते आधी पाहा. चालत असल्यास दाखल्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते.

भावाची बोलणी

इथवरची सगळी मेहनत ज्यासाठी, ते हे. बोलणीला बसण्याआधी तुमच्याकडे एका कागदावर तीन आकडे हवेत: सवलतीविना खरेदीदाराला माल कितीला पडतो, सवलतीनंतर कितीला पडतो, आणि त्याच मालासाठी त्याच्याकडे दुसरा कोणता देश विकतोय. तिसऱ्या आकड्यावर सगळं अवलंबून. दुसऱ्या देशालाही शून्य कर असेल, तर कराराने तुम्हाला फक्त बरोबरीला आणलं. भाव वाढवून मागायला वाव नाही, पण ऑर्डर मिळायला आहे. दुसऱ्या देशाला ५ टक्के भरावे लागत असतील, तर त्यातला निम्मा वाटा मागायला लाजू नका.

जुन्या गिऱ्हाइकाला थेट भाव वाढवून सांगणं जड जातं. तेव्हा भाव न वाढवता दुसरं काही मागा: आगाऊ रक्कम थोडी जास्त, पैसे नव्वदऐवजी साठ दिवसांत, किंवा पुढच्या हंगामाची किमान खरेदी लेखी. छोट्या निर्यातदाराला दोन टक्के भावापेक्षा लवकर आलेले पैसे कित्येकदा जास्त उपयोगी पडतात. आणि तुम्ही माल गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत, तिथला कर भरून पोहोचवत असाल, म्हणजे डीडीपी अटीवर, तर बचत सरळ तुमचीच. ऑनलाइन विक्रीत असं होतं.

करारपत्रात एक कलम नक्की वाचा. सवलत नाकारली गेली तर फरक कोण भरणार? बहुतेक खरेदीदार हा भार निर्यातदारावर ढकलतात. तुमची चूक असेल तर भरू, खरेदीदाराने वेळेत दाखला सादर केला नाही तर नाही, असं स्पष्ट लिहून घ्या.

माल गेल्यावरही फाईल बंद करू नका

आयात करणाऱ्या देशाचं कस्टम्स वर्ष-दोन वर्षांनीही पडताळणी मागू शकतं. प्रश्न आपल्याकडच्या दाखला देणाऱ्या संस्थेमार्फत येतात आणि उत्तराला मुदत असते. उत्तर गेलं नाही तर सवलत मागे घेतली जाते, कर आणि दंड खरेदीदाराला लागतो, आणि पुढची ऑर्डर कोणाला जाते ते सांगायला नको. प्रत्येक शिपमेंटची वेगळी फाईल करा, कच्च्या मालाच्या बिलांसकट, आणि किमान पाच वर्षं ठेवा. कारखान्याचा अकाउंटंट बदलला तरी ती सापडली पाहिजे.

करार जे देत नाही

कर शून्य झाला म्हणून माल आत जातोच असं नाही. २०१० च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि माल नाकारला गेला. तो फटका अजून बागायतदारांच्या बोलण्यात येतो. औषधांच्या अंशाची मर्यादा, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, लेबलवरची भाषा, ॲलर्जीची सूचना या गोष्टी करसवलतीच्या बाहेर आहेत.

दुसरं, आपलंच सरकार. कांद्याने हे नाशिकला चांगलं शिकवलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण किमान निर्यात मूल्य टनाला ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क, सप्टेंबरात किमान मूल्य रद्द आणि शुल्क २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. एवढ्या काळात समोरच्या देशाने आयात कर घेतला काय, न घेतला काय, लासलगावच्या व्यापाऱ्याला त्याने फरक पडला नसता. कांद्यासारख्या मालात दीर्घ मुदतीचा सौदा करताना 'सरकारी निर्बंध आल्यास' हे कलम टाकल्याशिवाय सही करू नये.

आणि करार दोन्ही बाजूंनी चालतो. ऑस्ट्रेलियाच्या करारात किमान ५ डॉलर किमतीच्या वाइनच्या बाटलीवरचा भारतातला कर १५० टक्क्यांवरून लगेच १०० वर आला आणि दहा वर्षांत ५० वर येणार आहे. १५ डॉलरच्या वरच्या बाटलीवर ७५ वरून पुढे २५. नाशिकच्या वाइनरींना त्यांच्याच दारात स्पर्धा वाढते, हे हिशेबात धरायलाच हवं.

कुणाला विचारावं

कोड आणि दाखल्याबद्दल पहिली चौकशी संबंधित मंडळाकडे, म्हणजे अपेडा, ईईपीसी, स्पाइसेस बोर्ड. निमा आणि आयमा या आपल्याकडच्या उद्योजक संघटनांत निर्यात करणारे सभासद आहेत. तुमच्याच मालाचा, त्याच देशात आधी गेलेला माणूस भेटला तर पुष्कळ वेळ वाचतो. जिल्हा उद्योग केंद्रात निर्यातीची माहिती मिळते. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन निर्यात कशी उभी करता येते हे पाहायचं असेल तर मोहाडीची सह्याद्री फार्म्स जवळच आहे.

सीएचए निवडताना त्याला तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी या कराराचा दाखला कोणत्या मालासाठी काढला? पडताळणीचं पत्र आलं होतं का, आणि उत्तर कोणी लिहिलं? दाखल्यात चूक निघाली तर नवा काढायचे पैसे वेगळे घेता का? पहिल्या प्रश्नावरच तो अडखळला तर दुसरा सीएचए बघा.